नखाएवढ्या जगाची खोली

कडेगाव म्हटले की बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा आठवतात ते इथले मोहरमचे ताबूत. बांबूच्या कामट्यांचे, रंगीबेरंगी कागदांनी मढवलेले, मजल्यामजल्यांचे हे गगनचुंबी ताबूत एकमेकांना भेटतात तो सोहळा पाहायला सांगली-साताऱ्याकडून हजारो माणसे येतात. ते बांधायला आणि उचलायला हिंदू आणि मुसलमान दोघांचेही हात लागतात, हे या गावाचे खरे वैभव. त्या दिवशी किती कॅमेरे आणि किती मोबाईल वर होतात त्याची गणतीच नको. आणि गंमत अशी, की एवढ्या उंच ताबुताचा फोटो काढणे तसे सोपे असते. चार पावले मागे सरावे, कळसापासून तळापर्यंत सारे चौकटीत बसवावे आणि बटण दाबावे. कळसही स्वच्छ येतो आणि खालच्या गर्दीतला फेटेवालाही स्वच्छ येतो.

आता याच गावाबाहेरच्या माळावर या. मृगाचा पहिला पाऊस पडून जमीन निवली की मातीतून एक लालभडक, मखमली जीव वर येतो. आपण सारे त्याला मृगाचा किडा म्हणतो. लहानपणी काडेपेटीत घालून शाळेत नेला नाही असा माणूस आमच्या पिढीत शोधून सापडायचा नाही. आकार म्हणाल तर करंगळीच्या नखाएवढा. या किड्याचा जवळून फोटो काढून पाहा. पाठीवरची मखमल स्वच्छ आली तर पाय धुरकट येतात. पुढचे पाय नेमके पकडले तर पाठीचा नुसता लाल डाग होतो. आभाळाला भिडणारा ताबूत एका फोटोत मावतो आणि नखाएवढा किडा मावत नाही, असे हे कोडे आहे.

मी काही धंद्याने फोटोग्राफर नाही. आयुष्य विज्ञान शिकवण्यात गेले आणि फोटोचा नाद रोलच्या जमान्यापासून लागला तो सुटला नाही. छत्तीस फोटोंचा रोल महिनाभर पुरवायचा, तो धुऊन आणायला मोठ्या गावी जायचे, आणि छत्तीसातले दोन बरे निघाले की आनंद मानायचा, असे ते दिवस होते. त्या काळात हे कोडे सुटण्यासारखे नव्हते. आज ते घरच्या टेबलावर सुटते. ज्या युक्तीने सुटते तिला फोकस स्टॅकिंग म्हणतात. आपल्या घरातला शब्द वापरायचा तर चवड. भाकरीवर भाकरी ठेवून चवड रचतात तशी एकाच वस्तूच्या अनेक फोटोंची चवड. ही युक्ती म्हणजे श्रीमंत हौशी लोकांचा खेळ आहे, असे पुष्कळांना वाटते. आमच्यासारख्या ऊस-द्राक्षाच्या मुलखात ती त्याहून कितीतरी अधिक कामाची आहे, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

डोळ्याची लबाडी

आधी एक प्रयोग करा. वाचता वाचता उजव्या हाताचे बोट डोळ्यांपुढे वीतभर अंतरावर धरा आणि बोटावरच्या रेषांकडे पाहा. समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर धूसर होईल. आता बोट न हलवता कॅलेंडरवरची तारीख वाचा. बोट धूसर होईल. म्हणजे आपला डोळासुद्धा एका वेळी एकाच अंतरावरचे नीट पाहतो. पण एरवी हे आपल्या ध्यानात येत नाही. डोळ्यातले भिंग सारखे आपला आकार बदलत असते, नजर इकडून तिकडे फिरत असते, आणि मेंदू या साऱ्या तुकड्यांतून एक सलग, स्वच्छ चित्र उभे करतो. आपण म्हणतो, ‘मी खोली पाहिली.’ खरे तर आपण खोलीचे शंभर तुकडे पाहिलेले असतात.

कॅमेऱ्याला मेंदू नसतो. बटण दाबले त्या घडीला भिंग जिथे नेमलेले असते, तेवढेच तो स्वच्छ टिपतो. त्या नेमक्या अंतराच्या पुढे-मागे थोडी जागा साधारण स्वच्छ येते. या जागेला फोटोग्राफीत डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात, आपण तिला सुस्पष्टतेची खोली म्हणू. लांबच्या ताबुताच्या बाबतीत ही खोली पुष्कळ मोठी असते, म्हणून सारे स्वच्छ दिसते. वस्तूच्या जवळ जावे तसतशी ती आटत जाते, आणि नुसती आटत नाही, विहिरीचे पाणी एप्रिलमध्ये जसे झपाट्याने खाली जाते तशी आटते.

थोडा हिशेब देतो. तो कंटाळवाणा नाही. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मएवढा सेन्सर असलेला कॅमेरा घ्या आणि ॲपर्चर, म्हणजे भिंगातले छिद्र, ८ वर ठेवा. वस्तू सेन्सरवर खऱ्याच्या निम्म्या आकाराची पडत असेल, तर सुमारे ३ मिलिमीटर खोली मिळते. वस्तू तिच्या खऱ्या आकाराएवढी पडू लागली की खोली जेमतेम १ मिलिमीटर उरते. दुप्पट आकार हवा असेल तर साधारण एक तृतीयांश मिलिमीटर! मृगाचा किडा तोंडापासून शेवटापर्यंत १० मिलिमीटर भरतो. समोरून पाहिले तर त्याचा दहावा हिस्सा तेवढा एका फोटोत स्वच्छ येणार.

यावर जाणकार वाचक विचारतील की छिद्र आणखी बारीक का करू नये? करता येते आणि त्याने खोलीही वाढते. पण इथे प्रकाशच आडवा येतो. बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. मग एका ठिपक्याचा ठिपका न पडता पसरट टिकली पडते. खऱ्या आकाराच्या फोटोत छिद्राचा आकडा १६ ठेवला तर प्रत्यक्षात तो ३२ ठेवल्यासारखा वागतो, आणि ती टिकली ०.०४ मिलिमीटरच्या पुढे जाते. आजच्या पुष्कळ कॅमेऱ्यांतल्या सेन्सरवरचा एक कण ०.००४ मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे एका ठिपक्याची टिकली दहा कणांवर पसरली. सारे काही चित्रात आले, पण धार कशालाच राहिली नाही. पाणी वाढवून आमटी सगळ्यांना पुरवावी तसा हा प्रकार.

चवड कशी रचतात

मग मार्ग एकच उरतो. छिद्र मध्यम ठेवायचे, जिथे भिंग सर्वांत धारदार चित्र देते, आणि वस्तूचे एकामागून एक अनेक फोटो काढायचे. पहिला सर्वांत पुढच्या केसावर, दुसरा त्याच्या किंचित मागे, तिसरा आणखी मागे, असे करत शेवटच्या टोकापर्यंत जायचे. प्रत्येक फोटोत एक पातळ पापुद्रा स्वच्छ असतो. मग कॉम्प्युटर ही चवड घेतो, प्रत्येक फोटोतला तेवढा स्वच्छ पापुद्रा उचलतो आणि सगळ्यांचा मिळून एक फोटो करतो. स्वच्छ भाग तो ओळखतो कसा? शेजारशेजारच्या कणांमध्ये उजेड-अंधाराचा फरक जिथे जास्त, तिथे धार आहे असे तो धरून चालतो. धूसर भागात हा फरक बोथट झालेला असतो.

ही कल्पना कॉम्प्युटरपेक्षा कितीतरी जुनी आहे. १६६५ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट हुक याने ‘मायक्रोग्राफिया’ हे पुस्तक काढले. त्यातले पिसवेचे भलेमोठे चित्र आजही पाहणाऱ्याला चकित करते. त्याच्या सूक्ष्मदर्शकातून अख्खी पिसू एकदम स्वच्छ दिसणे शक्यच नव्हते. वेगवेगळ्या बाजूंनी, वेगवेगळ्या उजेडात पुन्हा पुन्हा पाहून, मनात नीट जुळवून मगच हुक चित्र काढत असे. म्हणजे त्याने चवड आपल्या डोक्यात रचली आणि हाताने उतरवली. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांतली फुलांची रेखाचित्रे काढणारे चित्रकार हेच करत आले आहेत.

फोटोत हे साधण्याचा एक चतुर उपाय १९६० च्या दशकात अमेरिकेत डॅन मॅक्लॅकलन यांनी शोधला आणि त्याचे पेटंटही घेतले. अंधारात प्रकाशाचा कागदासारखा पातळ पडदा भिंगाच्या नेमक्या अंतरावर आडवा पाडायचा, आणि कॅमेऱ्याचे शटर उघडे ठेवून वस्तू त्या पडद्यातून हळूहळू वर सरकवायची. जो भाग प्रकाशात येईल तोच स्वच्छ असणार, आणि बाकी अंधारात. फिल्मवर एकेक पापुद्रा उमटत जायचा. यंत्र मात्र अवजड आणि खर्चिक होते. पुढे डिजिटल कॅमेरे आले, कॉम्प्युटर घरोघरी आले, आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कंबाइन झेड, हेलिकॉन फोकस, झेरीन स्टॅकर अशी चवड जोडणारी सॉफ्टवेअर हौशी माणसाच्या हाती पडली. २००८ पासून फोटोशॉपही हे काम करू लागले. २०१५ मध्ये ऑलिम्पसने काही कॅमेऱ्यांत आठ फोटो आतल्या आतच जोडण्याची सोय दिली. आता अनेक कंपन्यांचे कॅमेरे भिंग आपोआप पुढे पुढे सरकवत फोटोंची मालिका काढून देतात.

या युक्तीची झेप कुठवर गेली आहे ते पाहा. ऑगस्ट २०१२ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’ या गाडीच्या हाताला एक भिंगवाला कॅमेरा आहे. तो मंगळावरच्या दगडाचे आठपर्यंत फोटो तिथेच जोडतो आणि एकच स्वच्छ फोटो पृथ्वीकडे पाठवू शकतो. कारण तिथून एकेक फोटो पाठवणे महागाचे काम असते. आणि लेव्हॉन बिस या इंग्रज फोटोग्राफरने ऑक्सफर्डच्या संग्रहालयातले कीटक घेऊन जे फोटो केले आणि २०१६ मध्ये मांडले, त्यांत एकेका कीटकासाठी आठ हजारांहून अधिक फोटो जोडले होते. माणसाहून उंच अशा त्या फोटोत भुंग्याच्या पाठीवरचा खड्डान् खड्डा दिसतो.

घरातली साधने

आपल्याला आठ हजार फोटो काढायचे नाहीत. पंचवीस-तीस पुरतात. सुरुवात जिवंत किड्यापासून करू नका. बांधावर बारमाही फुलणारे दगडीपाल्याचे फूल घ्या, किंवा वाळलेला सराटा घ्या. तो पळून जात नाही. हलू शकेल असे काहीही असता कामा नये, हा पहिला नियम. पंखा बंद. टेबल पक्के. कॅमेरा ट्रायपॉडवर, आणि बटण बोटाने न दाबता रिमोटने किंवा दोन सेकंदांच्या टायमरने दाबायचे. उजेड, रंग, छिद्र, शटर हे सारे हाताने एकदा ठरवून द्यायचे आणि मालिका संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. नाहीतर एक भाकरी करपलेली आणि एक कच्ची, अशी चवड होते.

मग पुढे सरकायचे. दोन रीती आहेत. भिंगाची कडी हलके हलके फिरवायची, किंवा कॅमेराच एका स्क्रूच्या पट्टीवर ठेवून मिलिमीटरच्या हिश्श्यांनी पुढे न्यायचा. फूल, पान, अळी अशा खऱ्या आकाराएवढ्या किंवा त्याहून लहान टिपायच्या वस्तूंना कडी पुरते. त्याहून बारीक कामाला पट्टी बरी. पावलाचे माप एवढेच, की प्रत्येक पापुद्रा मागच्या पापुद्र्यावर थोडा चढला पाहिजे. कौले रचताना एकावर एक चढवतो ना, तसे. फट राहिली की पाऊस आत येतो आणि इथे धुरकट पट्टा आत येतो. म्हणून खोली १ मिलिमीटर मिळत असेल तर पाऊल अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे टाकावे. शंका वाटली तर फोटो जास्त काढावेत. आता रोलचा खर्च नाही.

उजेडासाठी मोठे दिवे नकोत. खिडकीतला उजेड आणि मध्ये ताणलेला बटर पेपर पुरतो. आमच्या घरी दुधी रंगाचा प्लॅस्टिकचा डबा तळ कापून वस्तूभोवती ठेवतात. चारी बाजूंनी मऊ उजेड पडतो आणि चकाकणाऱ्या पाठीवर पांढरे डाग उमटत नाहीत. मोबाईललाही चिमट्याने लावायची भिंगे मिळतात, आणि हाताने फोकस ठरवू देणारी ॲपही आहेत. मोबाईलचा सेन्सर लहान असल्यामुळे त्याला खोली मुळातच थोडी जास्त मिळते. मुलांना शिकवायला याहून स्वस्त साधन नाही. जोडणीसाठी पैसेच मोजावे लागतात असेही नाही, फुकट मिळणारी सॉफ्टवेअरसुद्धा काम चोख करतात.

माळावरचे काम वेगळे. तिथला मोठा वैरी म्हणजे वारा. आषाढात आमच्याकडे वारा असा सुटतो की विष्णुक्रांतीचे निळे फूल, जे टिकलीएवढे असते, चौकटीत पळभर ठरत नाही. बांबूच्या काडीला कपडे वाळत घालायचा चिमटा बांधून देठ हलकेच धरावा, आडोशाला छत्री धरावी. जिवंत कीटकांसाठी मार्गशीर्ष-पौषातली पहाट उत्तम. रात्रीच्या गारठ्याने माशा, टोळ, फुलपाखरे गवताच्या काडीला चिकटून बधिर बसलेली असतात. उन्हाने अंग तापल्याशिवाय त्यांना उडता येत नाही. सूर्य वर येण्यापूर्वीची ती अर्धी घटका तुमची. काही लोक किडा फ्रीजमध्ये ठेवून गार करतात, डिंकाने चिकटवतात. हे करू नये. फोटोसाठी जिवाला छळणे मला तरी पटत नाही, आणि असा किडा बसतोही अनैसर्गिक.

उसाच्या पानामागे

आता हे सारे कशासाठी, ते सांगतो. २००२ सालच्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यातल्या उसावर लोकरी मावा दिसला आणि पुढच्या दोन वर्षांत त्याने महाराष्ट्र-कर्नाटकातल्या ऊसकऱ्याची झोप उडवली. पानाच्या मागच्या बाजूला मधल्या शिरेच्या कडेने पांढऱ्या लोकरीचा थर. माव्याच्या अंगातून गळणारा चिकट गोड रस खालच्या पानांवर पडायचा आणि त्यावर काळी बुरशी चढून पाने काजळल्यासारखी व्हायची. जो तो पंप घेऊन धावला. उभ्या उसात औषध मारणे म्हणजे काय दिव्य असते ते ज्याने मारले त्यालाच ठाऊक. अखेर हा मावा आटोक्यात आणण्यात मोठा वाटा उचलला तो दुसऱ्या किड्यांनीच. कोनोबाथ्रा, ज्याला आता डिफा म्हणतात, त्या पतंगाची अळी मावा खाते. मायक्रोमस नावाच्या कीटकाची विळ्यासारख्या जबड्याची अळी मावा खाते. एन्कार्सिया ही मिलिमीटरहून लहान गांधीलमाशीच्या जातीची माशी माव्याच्या अंगात अंडी घालते. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि बेंगळुरूची जैविक कीडनियंत्रणाची संस्था यांनी या मित्रकीटकांचा अभ्यास केला, ते वाढवून शेतांत सोडण्याची मोहीम झाली.

पण मित्र ओळखता यायला हवा. मावा आजही अधूनमधून डोके वर काढतो. एका पावसाळ्यात आमच्या चुलतभावाच्या, आण्णांच्या, प्लॉटमध्ये पांढरे थर दिसले. मी गेलो तेव्हा ते म्हणाले, “औषध आणून ठिवलंय. उद्या गडी लावून मारून घेतो.”

मी म्हणालो, “आण्णा, एक दिवस थांबा. ह्यात खाणारं कोण आन् खाल्लं जाणारं कोण, एवढं बघू द्या.”

लोकरीत जाळे दिसत असलेली चार पाने कापून घरी आणली. डिफाची अळी जाळ्यात स्वस्थ होती, तिचे चोवीस फोटो काढून चवड केली. मायक्रोमसची अळी काही केल्या थांबेना, तिचे एकेकटे तीन फोटो तेवढे जमले. संध्याकाळी आण्णांना कॉम्प्युटरपुढे बसवले. एरवी पांढऱ्या कापसात एक करडी रेघ दिसावी तेवढेच त्यांनी शेतात पाहिले होते. इथे जाळ्याचा धागान् धागा, अळीचे डोके, तिच्या तोंडाशी धरलेला मावा आणि मागे पडलेली रिकामी कातडी, हे सगळे एकाच वेळी स्वच्छ होते. आण्णा खुर्ची पुढे ओढून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “आरं, हे तर आपलंच माणूस हाय की! आन् उद्या मी ह्येलाच मारत होतो.”

दुसऱ्या दिवशी ते स्वतः सरीसरीने फिरले. जिथे जाळी आणि अळ्या सापडल्या तिथे पंप नेला नाही. पंधरा दिवसांनी तिथले पांढरे थर विरळ झालेले होते. मधल्या काळात पाऊसही दणकून झाला होता, तेव्हा सारे श्रेय अळीला आणि त्याहून फोटोला देणे ही फुशारकी होईल. पण एक गोष्ट पक्की झाली. आता आण्णा पान उलटे करून पाहिल्याशिवाय औषध आणत नाहीत, आणि शेजारच्यांनाही पाहायला लावतात.

मक्यावरच्या लष्करी अळीची गोष्ट अशीच. अमेरिकेतली ही अळी २०१८ मध्ये भारतात प्रथम कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. तिची खूण दोन ठिकाणी असते. कपाळावर उलटा इंग्रजी वाय, आणि शेपटीकडच्या एका वळ्यावर चौकोनात चार ठिपके. मक्याच्या पोंग्यात वाकडी होऊन बसलेल्या अळीच्या एकाच फोटोत ही दोन्ही टोके स्वच्छ येणे कठीण. चवड केली की येतात, आणि तो फोटो कृषी सहायकाला किंवा विद्यापीठातल्या तज्ज्ञाला पाठवला की तो तिथे बसून नाव सांगू शकतो. मोबाईलवरून रोज पाठवले जाणारे किती फोटो ‘नीट दिसत नाही’ या उत्तरावर अडतात, हे शेतकऱ्यांना विचारा.

दहा पायांचा किडा

या युक्तीवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो बिनमहत्त्वाचा नाही. जे चित्र कोणाच्याही डोळ्याने एका क्षणी पाहिले नाही, ते खरे कसे म्हणायचे? चवड ही एका क्षणाची नसते. पहिल्या आणि शेवटच्या फोटोत वीस-तीस सेकंद जातात. तेवढ्यात मृगाच्या किड्याने एक पाय हलवला तर? कॉम्प्युटर भोळा असतो. त्याला पाय इथेही धारदार दिसतो आणि तिथेही, म्हणून तो दोन्ही ठेवतो. मृगाचा किडा खरे तर किडा नव्हे, तो कोळी-गोचिडांच्या भाईबंदांतला, आठ पायांचा. चवडीत त्याला नऊ किंवा दहा पायही फुटू शकतात. पाहणाऱ्याला ते कदाचित कळणारही नाही, पण पाय मोजून जात ठरवणाऱ्याची दिशाभूल होईल. केसाळ मधमाशीच्या कडेने कधी कधी पांढुरकी प्रभा उमटते, एकमेकांवरून गेलेल्या दोन केसांची गाठ बसल्यासारखी दिसते. हे सारे कॉम्प्युटरचे कर्तृत्व, निसर्गाचे नव्हे.

माझे म्हणणे असे. एकच फोटो हाही पूर्ण खरा नसतो. पाय धूसर दाखवणारा फोटो ‘पाय धूसर आहेत’ असे सांगत नसतो. चवडीतला प्रत्येक पापुद्रा प्रत्यक्ष समोर होता, त्यात बाहेरचे काही आणून घातलेले नाही. तेव्हा चवड खोटी नाही, मात्र तिने आपली रीत लपवता कामा नये. निसर्गचित्रांच्या नामवंत स्पर्धांतही ही युक्ती चालते, पण चित्राने पाहणाऱ्याला फसवता कामा नये ही अट असते. आपणही तीच पाळावी. मूळचे सगळे फोटो जपून ठेवावेत, जोडलेल्या फोटोशी ताडून पाहावेत, आणि फोटोखाली ‘इतक्या फोटोंची चवड’ असे स्वच्छ लिहावे. हल्ली कॉम्प्युटर शब्दांवरून नसलेला किडाही रंगवून देतो. अशा काळात तर ही शिस्त अधिकच हवी. ज्याच्यापाशी मूळ तीस फोटो आहेत, त्याच्यापाशी पुरावा आहे.

माळ बदलतो आहे

आमचा मुलूख पर्जन्यछायेतला. येरळेच्या काठची काळी रानेच काय ती सुपीक, बाकी कुसळी गवताचा आणि तरवडाचा माळ. कऱ्हाडजवळच्या टेंभूपासून उचललेले कृष्णेचे पाणी आले, आणि ज्या माळावर मेंढरे हिंडत तिथे ऊस उभा राहिला. हे चांगलेच झाले. ज्याने टँकरपुढे घागरी मांडल्या आहेत तो पाण्याविरुद्ध बोलणार नाही. पण माळ नांगरला गेला की त्याच्यावरचे बारीकसारीक जग मुकाट्याने जाते. मृगाचा किडा आता पूर्वीसारखा दिसत नाही, असे घरोघरची म्हातारी माणसे सांगतात. खरेखोटे कोण ठरवणार? किती होता, कुठे होता, कधी निघत होता, याची नोंदच आम्ही ठेवलेली नाही. ताबुतांचे फोटो प्रत्येकाच्या घरी आहेत. बांधावरच्या जिवांचे कोणाकडे आहेत?

देवराष्ट्र्याजवळचे सागरेश्वर अभयारण्य जवळच आहे. उजाड डोंगरावर माणसांनी झाडे लावून उभे केलेले आणि १९८५ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झालेले जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचे हे रान. लोक तिथे काळवीट आणि सांबर पाहायला जातात. वाटेच्या कडेला वाकून पाहिले तर प्रत्येक फुलावर एखादी इवलीशी माशी असते. तिच्याकडे कोणी थांबत नाही. याच्या उलट साताऱ्याजवळचे कास पठार. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या भागांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली त्यांत ते आहे. तिथे चिकट थेंबांनी किडे धरणारे दवबिंदू हे झाड चवडीसाठी फार सुरेख, कारण त्याच्या प्रत्येक केसाच्या टोकावरचा थेंब वेगळ्या अंतरावर असतो. पण एका थेंबाच्या फोटोसाठी पोटावर आडवे पडणारे लोक शंभर फुले कोपराखाली चिरडतात, हेही तिथेच पाहायला मिळते. गुडघा टेकण्यापूर्वी खाली काय आहे ते पाहावे. वाटेवरून जे जमेल तेवढेच करावे.

म्हणून सुचवतो, की लांब जाऊच नका. आपल्या शेताच्या बांधाचा, घराच्या परसाचा किंवा शाळेच्या कुंपणाचा हातभर लांब आणि हातभर रुंद तुकडा निवडा. वर्षभर, दर नक्षत्राला एकदा, तिथे जे उगवले, जे बसले, जे खात होते आणि जे खाल्ले जात होते, त्याची एकेक चवड करा. घरात नातवंडे असतील तर भिंग त्यांच्या हाती द्या. त्यांचा हात आपल्यापेक्षा कमी कापतो आणि धीरही आपण समजतो तेवढा कमी नसतो. मात्र प्रत्येक फोटोखाली चार गोष्टी न चुकता लिहा: गाव, तारीख, कुठल्या झाडावर, आणि किती फोटोंची चवड. नाव ठाऊक नसेल तर जागा कोरी सोडा. फोटो पुरेसा स्वच्छ असेल तर ती जागा आज ना उद्या कोणीतरी भरील.